निवांत वडी आणि आमचे मामंजी

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जगातली कुठलीही वस्तू आहे तशी पसंत नव्हती. देवाने केलेल्या वस्तूंबद्दल ते फारसं बोलत नसत, पण माणसाने केलेलं काहीही हातात आलं की ते उलटंपालटं करून बघायचे, नखाने टोकरायचे, कानाशी नेऊन वाजवायचे आणि मग उसासा टाकून म्हणायचे, "हाई आशी काब्र करी व्हई?" अशी का केली असेल, हे सांगणारा कारागीर तिथे हजर नसेच, म्हणून उत्तर शोधायला ते स्वतःच बसत. छत्रीचा दांडा मधोमध असल्यामुळे कोरडी राहणारी सगळ्यात चांगली जागा तो दांडाच अडवतो आणि माणूस कडेला भिजतो, असा त्यांनी एकदा शोध लावला आणि दांडा कडेला बसवलेली छत्री करून घेतली. ती उघडून ते स्टेशनाकडे निघाले, तर वाऱ्याने ती अशी काही फिरली की मामंजी छत्रीभोवती फिरताहेत की छत्री मामंजींभोवती, हे रस्त्यातल्या लोकांना कळेना. चिंब भिजून घरी आले, पण चेहरा समाधानी. "चूक सापडनी," म्हणाले.

माझं लग्न झालं तेव्हा नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. बाजारपेठेत आमचं किराण्याचं दुकान होतं आणि ते आमचे हे, म्हणजे माझे यजमान, सांभाळत. मामंजींना दुकानात बसवण्याचा प्रयोग पूर्वी झाला होता, पण कंदील घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते कंदिलातली खोट इतक्या तळमळीने समजावून सांगत की गिऱ्हाईक त्यांचे आभार मानून अंधारातच घरी जाई. शेवटी यांनी त्यांना हात जोडून घरी बसवलं. मी नाशिकची. घरात सगळे अहिराणी बोलत, आणि पहिले काही महिने मला 'शे', म्हणजे आहे, आणि 'नही' एवढंच कळायचं. त्यातून सुनेने सासऱ्यांशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मामंजींनी यावर तोडगा काढला होता. माझ्याशी बोलायचं असलं की ते ओसरीच्या मधल्या खांबाशी बोलत, आणि तेही पुस्तकी मराठीत. "आज या घरात कोणी चहा करील काय?" असं ते खांबाला विचारत, आणि चहा आला की आभारही खांबाचेच मानत.

त्यांनी केलेली वस्तू कुणाकडे गेली की तिच्यावरचा त्यांचा जीव काही सुटत नसे. कुणाला एखादा पाट करून दिला, तर पुढे वर्षभर तो माणूस रस्त्यात भेटला की त्याच्या बायकोमुलांच्या आधी त्या पाटाची चौकशी होई. पाट डुगडुगतो असं चुकून सांगितलंच, तर मामंजी तिथल्या तिथे त्याच्या घरी जात. एका घरी जेवणाची पंगत बसलेली असताना मामंजींनी घरधन्याला हाताला धरून उठवलं होतं आणि खालचा पाट काढून नेला होता. सासूबाई म्हणत की लेक सासरी दिली, पण तिच्याकडे एवढे जीव लावून कधी गेले नाहीत.

वडीची कल्पना त्यांना तापात सुचली. पावसाळा सरता सरता आमच्याकडे डासांचं राज्य असे, आणि डासांमागून हिवताप. त्या वर्षी मामंजींनाच थंडी वाजून ताप भरला. चार गोधड्यांखाली दात वाजत असताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं की हा ताप येतो कशाने, आणि डॉक्टरांनी सांगितलं की डास चावल्याने. मामंजींना हा अपमान वाटला. एवढ्याशा चिलटाने आपल्याला गोधडीत घालावं! कोयनेलने, म्हणजे क्विनाईनने, ताप उतरला, पण डोक्यातला डास गेला नाही. अंगात ताकद येण्याआधीच त्यांनी ओसरीवर कडुनिंबाचा पाला, तंबाखूचा भुगा, निर्गुडी, लाकडाचा भुसा असा ढीग मांडला आणि खांबाला सांगितलं, "धूर हा डासाचा शत्रू आहे. आपण त्या धुराला शिस्त लावणार आहोत."

शिस्त लागायला फार दिवस गेले. रोज दिवेलागणीला मामंजी उघड्या अंगाने ओसरीत बसत, नव्या मिश्रणाची गोळी पेटवत आणि पाठीवर डास बसतो का ते सासूबाईंना बघायला लावत. त्या बघत आणि संधी मिळाली की जरा जोरातच चापट मारत. आमच्या गावात मिरचीची देठं कुठेही फुकट मिळत. ती बघून मामंजींना वाटलं की धुराला जरा धार पाहिजे. त्या संध्याकाळी काय झालं ते आमच्या आळीत पुष्कळ वर्षं सांगितलं जाई. पहिल्या ठसक्याला मी परसात पळाले, दुसऱ्याला हे पळाले, गाय दावं तोडून पळाली, आणि आग लागली समजून शेजारचे पाण्याच्या बादल्या घेऊन आले ते उंबऱ्यावरूनच शिंकत मागे फिरले. मामंजी अंगणात डोळे चोळत ओरडत होते, "मच्छर गयात का नही, ते सांगा पह्यले!" सासूबाईंनी पदर नाकाला लावून आत डोकावलं आणि म्हणाल्या, "मच्छर आठेच शेतस. माणसं निंघी गयात."

मग सातपुड्यातून बाजारात येणारा सालईचा डिंक त्यांच्या हाती लागला. त्याचा धूर मऊ, वासाला गोड. निंब आणि निर्गुडी त्यात बसली, मिरची कायमची हद्दपार झाली, आणि एका संध्याकाळी मामंजींच्या पाठीवर खरोखर एकही डास बसला नाही. सासूबाईंना चापट मारायला जागाच उरली नाही. आता आकाराचा प्रश्न आला. गोळी गडगडते, म्हणून त्यांनी पेढ्याच्या लाकडी साच्यातून वड्या पाडल्या आणि ताटात वाळत ठेवल्या. नेमके तेव्हा माझे वडील नाशिकहून मला भेटायला आले. ओसरीत ताट दिसलं, वर नक्षीही दिसली. व्याह्यांच्या घरचा मान म्हणून त्यांनी एक उचलून अर्धी खाल्ली आणि मला हळूच म्हणाले, "इकडचे पेढे जरा उग्र असतात, नाही?" मी घाबरून हे सगळं यांना सांगितलं, यांनी मामंजींना सांगितलं. मामंजी धावत आले आणि माझ्या वडिलांचे दोन्ही हात धरून त्यांनी कळकळीने विचारलं, "तोंडात लगेच विरघळली, की चावावी लागली?" वडी पावसाळी हवेत टिकेल की नाही याचा अंदाज घ्यायची ही संधी त्यांना सोडवेना. त्यानंतर वडी तिकोनी झाली.

नावावरून घरात आठवडा गेला. मामंजींनी मोठमोठी संस्कृत नावं काढली, ती यांच्या जिभेवर बसेनात. शेवटी मी खांबाला ऐकू जाईल इतक्या आवाजात सासूबाईंना म्हटलं की डास नसले म्हणजे माणूस निवांत झोपतो, तर निवांत वडीच म्हणावं. मामंजी खांबाकडे बघून म्हणाले, "उत्तम. खांबाला अक्कल आहे."

निवांत वडी चालली, आणि चांगलीच चालली. मामंजींची विक्रीची तऱ्हाही न्यारी होती. कुणी वडीची स्तुती केली तर ते मान हलवून पुढे जात. कुणी तक्रार घेऊन आलं की त्याला आदराने बसवून चहा पाजत. हे गावात कळल्यावर काही लोक चहापुरत्या तक्रारी घेऊन येऊ लागले. लोकांनी वडीचे उपयोगही नाना काढले. कुणी ढेकणांसाठी लावी, कुणी दृष्ट काढायला, आणि आमच्या आळीतल्या एका वकिलांनी मुक्काम लांबवणाऱ्या पाहुण्यांच्या खोलीत दोन वड्या पेटवून त्यांना सकाळच्या गाडीला लावलं होतं. मामंजी सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेलाही वड्या घेऊन गेले. तिथल्या एका सौदागराने त्यांना सांगितलं की वडी लावल्यावर घोडा इतका निवांत झाला की उभ्या उभ्या झोपला. मामंजी ते दहा जणांना सांगत हरखून घरी आले. घोडे एरवीही उभ्यानेच झोपतात हे आम्हा सर्वांना माहीत होतं, पण सासूबाईंनी डोळ्यांनी दटावलं म्हणून कुणी बोललं नाही.

त्या दटावण्यातच सगळं आलं. एवढी वर्षं मामंजींच्या खटपटींना नाकं मुरडणाऱ्या सासूबाई आता वडीच्या मालकीण झाल्या होत्या. परसातल्या पडवीत शेजारच्या बायका वड्या पाडायला येत. त्यांत दोघी विधवा होत्या, एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता. त्यांचे संसार या तिकोनी वडीवर चालू लागले होते. सासूबाई मधोमध बसून हुकूम सोडत, वाकडी वडी बाजूला काढत, आणि हळदीकुंकवाला गेल्या की 'आमची वडी' म्हणत. सगळ्यात जास्त माल जाई तो तापीपलीकडे, तळोद्याला. सातपुड्याच्या पायथ्याचं ते गाव हिवतापासाठी बदनाम होतं. बदलीचा हुकूम निघाला की कारकुनांच्या घरी रडारड होई. मारवाडातून येऊन दोन पिढ्या तिथे रुजलेले एक शेठ आमची वडी विकत आणि पोत्यांवर पोती मागवत.

दसरा झाला की मामंजी आपल्या वस्तूंची चौकशी करायला बाहेर पडत. त्या वर्षी ते तळोद्याला निघाले, आणि माझी नणंद तिथेच दिलेली असल्यामुळे तिच्यासाठी फराळाचं घेऊन सासूबाईंनी मलाही बैलगाडीत बसवलं. बाजाराचा दिवस होता. शेठच्या दुकानासमोर गाडी थांबली, मामंजी उतरून ओट्यावर बसले, शेठनी चहा मागवला. मी गाडीतच होते. एवढ्यात जवळच्या खेड्यातली एक शेतकरीण कडेवर पाचसहा वर्षांची मुलगी घेऊन आली. मुलीचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ सुकलेले. बाई म्हणाली, "शेठ, एक नको, दोन वड्या द्या. पोरले ताप भलता शे."

मामंजींनी चहाची बशी खाली ठेवली. "कोयनेल दिधं का तिले?"

"पह्यले देत व्हतूत," बाई म्हणाली. "पोस्टमा मिळस. पन कडू लागस, पोर थुकी देस. आते रोज वडी लावस ना आम्ही."

मामंजी शेठकडे बघत राहिले. शेठ भला माणूस होता. तो सरळपणे म्हणाला, "आठे समदाच आसं करतस. मच्छर नही ते ताप कोठेन ई? तुम्हीच ते मले सांगेल व्हतं."

डास नाहीत तर ताप येणार कुठून, असं खरंच त्यांनीच सांगितलं होतं. अभिमानाने, प्रत्येकाला सांगितलं होतं. मामंजींनी उठून मुलीच्या कपाळाला हात लावला आणि तसेच पोस्टाकडे निघाले; कोयनेलच्या सरकारी पुड्या तेव्हा पोस्टात मिळत. पुड्या घेऊन आले, बाईला गाडीत माझ्या शेजारी बसवलं आणि तिच्या खेड्याला गाडी घ्यायला सांगितलं. मुलीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. लुगड्यातून तिच्या अंगाची धग मला लागत होती. मामंजी गाडीवानाच्या बाजूला पाठमोरे बसले होते आणि सगळ्या वाटेत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्या घरात कोनाड्यात आमची वडी जळत होती. मामंजींनी ती विझवली नाही. गुळाच्या खड्यात कोयनेल भरून ते मुलीसमोर बसले, तिने थुंकलं की पुन्हा भरत, आणि तिला हसू यावं म्हणून स्वतः एक पुडी खाऊन तोंड वेडंवाकडं करत. मला नणंदेकडे पोहोचवून ते पुन्हा तिथेच गेले. ताप उतरून मुलगी भाकरी मागेपर्यंत ते त्या घरातून हलले नाहीत. परत आले तेव्हा पार थकलेले होते. नणंदेने पाणी दिलं, ते पिऊन खांब शोधावा तसं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीला म्हणाले, "वडी बंद करायची."

घरी हे ऐकल्यावर सासूबाई पडवीतून भुसा लागलेल्या हातांनीच उठून आल्या. "काब्र बंद? पोर बरी व्हयनी ना?"

"हाई बरी व्हयनी," मामंजी म्हणाले. "मी तठे व्हतू म्हनीसन."

यांनी सुचवलं की वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापू, ताप आल्यास कोयनेल घ्यावे. मामंजींनी मान हलवली. "तठे वाचनारं कोन शे?"

"आनि ह्या बाया?" सासूबाईंनी पडवीकडे हात केला. "यास्नं काय?"

मामंजी ओसरीत जाऊन बसले. त्यानंतर सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं आणि त्याही खांबाशी बोलू लागल्या. "जेवण झालं शे, कोनले जेवनं व्हई ते जेवा," असं त्या खांबाला सांगत. तो खांब बिचारा त्या दिवसांत घरातल्या कुणाहीपेक्षा जास्त ऐकत होता. पण वड्या पाडणाऱ्या बायका रोज येऊन पडवीत रिकाम्या हातांनी बसत, ते सासूबाईंनाच बघवेना. एक दिवस त्यांनी दुकानातून उडदाचं पीठ मागवलं, पापडखार मागवला, आणि वडीच्या ताटांत पापड वाळू लागले. मामंजींनी पापड हातात घेतला, उजेडात धरला, काहीतरी विचारायला तोंड उघडलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मामंजींनी पापड मुकाट्याने खाली ठेवला. अबोला तिथे संपला.

मग ते वड्या परत आणायला निघाले. एका पोत्यात कोयनेलच्या पुड्या, दुसरं पोतं रिकामं. वडी द्या, पुडी घ्या, असं ते बाजारोबाजार सांगत फिरले. शेठनी कुरकुर केली, पण उरलेला माल गाडीत चढवून दिला. लोक मात्र वडी सोडेनात. मालक स्वतः दारोदार फिरून परत मागतो आहे, त्या अर्थी वडीत काहीतरी मोलाचं पडलं असलं पाहिजे, अशी बातमी उठली, आणि ज्यांनी कधी वडी पेटवलीही नव्हती त्यांनी ती धान्याच्या कणगीत लपवली. डोंगरातून बाजाराला आलेल्या एका म्हाताऱ्याने दोन वड्यांतली एक दिली आणि दुसरी पागोट्यात खोचली. बायकोला वास आवडतो, असं त्याने खुणेने सांगितलं. मामंजींनी त्याला पुडी दिली, ती कशी घ्यायची ते स्वतः तोंड वाकडं करून दाखवलं, आणि दोघेही हसले.

परत आलेल्या वड्यांचा गावाबाहेर पडीक शेतात ढीग करून मामंजींनी तो संध्याकाळी पेटवला. वारा गावाकडे होता. सालईचा तो गोड धूर सगळ्या आळ्यांतून फिरला आणि त्या रात्री अख्ख्या नंदुरबारात औषधालासुद्धा डास नव्हता. सकाळी निम्मं गाव आमच्या दारात वडी मागायला उभं. सासूबाई न राहवून म्हणाल्या, "देखा! काम ते करस ती."

"करसच ना," मामंजी म्हणाले. "ती चांगलीच शे. तिना काही गुन्हा नही."

त्यानंतर त्यांनी नवी वस्तू केली नाही. केली म्हणायची तर एकच, कोयनेल लोकांच्या पोटात घालायची युक्ती. गुळात, केळ्यात, चिंचेच्या गोळ्यात, पुरणात अशा नाना तऱ्हांनी ते पुडी दडवून बघत आणि आधी स्वतः खात, त्यामुळे त्यांच्या कानात कायम भुंगे गुणगुणत आणि घरात कुणी काही बोललं की "काय?" असं दोनदा विचारत. खिशात पुड्या, हातात काठी, असे ते पावसाळा ओसरला की तापी उतरून पलीकडे जात. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत कोयनेल मिळेनासं झालं, तेव्हा पोस्टातून रिकाम्या हातांनी येऊन ओट्यावर बसलेले मामंजी मला अजून दिसतात. पडवीत पापड जोरात चालले होते, बायका हसतखिदळत होत्या, आणि ते नदीच्या दिशेला तोंड करून बसलेले असत.

लढाई संपल्यावर एका हिवाळ्यात ते गेले. फारसे आजारी पडले नाहीत. सकाळी उठले नाहीत, एवढंच. तेराव्याला आमच्या गोतातली माणसं जेवून उठत होती, तेव्हा दारात दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. तापीपलीकडची माणसं होती, आमच्यापैकी कुणीच त्यांना ओळखत नव्हतं. बायका होत्या, म्हातारे होते, डोंगरातलेही काही होते. आत येऊ की नको अशी ती अंगणात घुटमळत उभी राहिली. त्यांच्यातला एक जण यांना म्हणाला की घर सापडायला वेळ लागला, गावात कुणाला पत्ता सांगता येईना. यांनी विचारलं, नाव काय सांगितलंत? तर नाव त्यांना माहीतच नव्हतं. ते बाजारभर विचारत आले होते, कोयनेलवाल्या बाबांचं घर कोणतं.

सासूबाई आतून उठल्या, डोळे पुसत अंगणात आल्या आणि म्हणाल्या, "हाईच घर शे. या, बठा." मी पुन्हा चूल पेटवली, पापड तळायला घेतले. पडवीतल्या बायका न सांगता वाढायला उभ्या राहिल्या. त्या दिवशी दिवे लागले तरी आमच्याकडची पंगत उठली नव्हती.